हिवतापाची गोळी आणि रक्तातलं विकर



रोवणीचे दिवस आले की आपल्या गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात तापही येतो. राज्यातल्या हिवतापाच्या रुग्णांमध्ये गडचिरोलीचा वाटा नेहमी मोठा असतो. आशाताई बोटातलं रक्त तपासते, गोळ्या देते. मग बायका आम्हाला विचारतात, "तीच गोळी एकाला मानवते, दुसऱ्याला का बाधते?" याचं उत्तर आपल्या रक्तातल्या एका विकरात आहे.

आधी विकर म्हणजे काय ते पाहू. भाताचा घास न गिळता चावत राहा. थोड्या वेळाने तो गोडसर लागतो. लाळेतलं विकर भातातलं पिष्ट तोडून त्याची साखर करतं. विकर स्वतः खर्च होत नाही. एक काम उरकलं की पुढच्याला लागतं. शरीरात अशी हजारो विकरं आहेत आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे.

रक्तातल्या लाल पेशीत जी-सिक्स-पीडी नावाचं विकर असतं. लाल पेशी प्राणवायू वाहून नेते, आणि लोखंडाला गंज चढावा तशी त्यानेच झिजते. ही झीज थांबवणारा एक राखणदार पदार्थ पेशीत असतो. साखर वापरून तो तयार ठेवायचं काम हे विकर करतं. माठ भरलेला असला की आपण हातपंपावर जात नाही, रिकामा झाला की धावतो. तसंच राखणदार भरपूर असला की विकर संथ चालतं, तो खर्च झाला की वेग घेतं.

काही माणसांमध्ये हे विकर जन्मतःच कमकुवत असतं. एरवी काही जाणवत नाही. पण हिवतापाच्या प्रायमाक्वीन गोळीने लाल पेशींवरचा ताण एकदम वाढतो. कमकुवत विकराला तेवढा वेग घेता येत नाही. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, पण तिला नवं विकर बनवता येत नाही. म्हणून जुन्या पेशी आधी फुटतात. अमेरिकेत १९५६ साली संशोधकांनी हे कारण शोधलं. आपल्याकडे १९८४ साली एका कोळी कुटुंबात या विकराचा एक वेगळा प्रकार सापडला. त्याला 'कल्याण' हे नाव मिळालं.

मग गोळी टाकून द्यायची का? मुळीच नाही. व्हायव्हॅक्स जातीचा हिवताप यकृतात लपून बसतो आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा उठतो. त्याला तिथून काढायला प्रायमाक्वीन १४ दिवस घ्यावी लागते. ताप उतरला म्हणून चौथ्या दिवशी गोळ्या फडताळात ठेवल्या, तर तोच ताप परत येतो.

फक्त लक्ष ठेवायचं. गोळी सुरू असताना लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले, धाप लागली, अंगातली ताकद गेली, तर पुढची गोळी देऊ नका. त्याच दिवशी आशाताईला सांगा आणि आरोग्य केंद्र गाठा. या विकराची रक्ततपासणी होते. विकर कमी निघालं, तर डॉक्टर आपल्या देखरेखीखाली आठवड्यातून एकदा, असे ८ आठवडे औषध देऊ शकतात. गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला ही गोळी देत नाहीत. म्हणून दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर गोळी घेण्याआधी सांगा. घरात कुणाला पूर्वी असा त्रास झाला असेल तर तेही सांगा.

शेवटी एक मनातलं. हा दोष मुलग्यांमध्ये जास्त दिसतो आणि मुलाला तो आईकडून येतो. म्हणून घरात बोट आईकडे वळतं. पण बाप आपल्यातला हाच दोष प्रत्येक मुलीला देतो, आणि ती मुलगी पुढे आई होते. यात कुणाचीच चूक नाही. रंगरूप येतं तसंच हेही येतं.

गटाच्या पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा. गोळी पूर्ण घ्यायची, आणि लघवीचा रंग बदलला तर लपवायचं नाही, एवढं प्रत्येकीच्या लक्षात राहू द्या.