शिखर उतरते तेव्हा पदार्थ संपलेला नसतो

सायक्लिक व्होल्टामेट्रीचा आलेख पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी त्याचा अर्थ बहुधा असा लावतो: धारा चढू लागली म्हणजे अभिक्रिया सुरू झाली, शिखर आले म्हणजे ती ऐन भरात आली, आणि शिखरानंतर धारा उतरली म्हणजे द्रावणातला पदार्थ संपला. यातले पहिले ढोबळमानाने बरोबर आहे. शेवटचे साफ चूक आहे, आणि ती चूक मनात घर करून बसली की पुढचा प्रत्येक आलेख चुकीचा वाचला जातो.

प्रयोग थोडक्यात असा. द्रावणात तीन इलेक्ट्रोड असतात: ज्याच्यावरची अभिक्रिया पाहायची तो वर्किंग, विभव मोजण्यासाठी स्थिर आधार देणारा रेफरन्स आणि सर्किट पुरे करणारा काउंटर. पोटेंशिओस्टॅट हे उपकरण वर्किंग इलेक्ट्रोडचा विभव ठरावीक वेगाने एका टोकापर्यंत नेते, त्याच वेगाने परत आणते आणि वाटेत किती धारा वाहिली ते नोंदवते. या वेगाला स्कॅन रेट म्हणतात.

आता आकडे पाहू. पोटॅशियम फेरोसायनाइडचे 1 मिलिमोलर द्रावण 10 मिलिलिटर घेतले, त्यात पुरेसे पोटॅशियम क्लोराइड घातले, 3 मिलिमीटर व्यासाचा ग्लासी कार्बनचा इलेक्ट्रोड बुडवला आणि सेकंदाला 100 मिलिव्होल्ट वेगाने स्कॅन केले, तर शिखराची धारा साधारण 16 मायक्रोअँपिअर येते. जाण्याच्या फेरीत वाहिलेला सगळा विद्युतभार पन्नास मायक्रोकुलोमच्या आसपास भरतो. म्हणजे ऑक्सिडीकरण झाले ते सुमारे अर्ध्या नॅनोमोलचे. भांड्यात मात्र 10,000 नॅनोमोल आहेत. दहा हजारांत एक भागही खर्च झालेला नाही.

मग धारा का उतरते? कारण टंचाई भांड्यात नसून इलेक्ट्रोडला लागून असलेल्या पातळ थरात असते. तो थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास जाडीचा. तिथले रेणू संपतात, लांबचे रेणू विसरणाने पोचायला वेळ लागतो, आणि जसजसा विरळ थर जाड होत जातो तसतसा पुरवठा मंदावतो. शिखर येते ते अभिक्रियेची वाढती ओढ आणि हा घटता पुरवठा यांच्या चढाओढीतून. पडताळा सोपा आहे. द्रावण ढवळत ठेवा, शिखर जाऊन धारा एका पातळीवर टिकते. किंवा काही मायक्रोमीटर त्रिज्येचा सूक्ष्म इलेक्ट्रोड घेऊन सावकाश स्कॅन करा. त्याच्याकडे रेणू सर्व दिशांनी येत असल्यामुळे शिखराऐवजी इंग्रजी एससारखी सपाट माथ्याची रेघ मिळते. पदार्थ तोच, द्रावण तेच.

याच कारणाने शिखराची उंची फक्त पदार्थाच्या प्रमाणावर ठरत नाही. 1948 मध्ये इंग्लंडमध्ये रँडल्स आणि चेकोस्लोव्हाकियात शेव्चिक यांनी स्वतंत्रपणे दाखवले, की विसरणाच्या अधीन असलेली शिखरधारा स्कॅन रेटच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. वरच्या प्रयोगात वेग चौपट केला की 16 चे 32 होतात. रेणू इलेक्ट्रोडला चिकटलेले असतील तर मात्र धारा थेट वेगाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग बदलून चार-पाच आलेख काढल्याशिवाय रेणू पोहत येतो की चिकटून बसतो, हे सांगता येत नाही. एकाच वेगाच्या एकाच आलेखावर निष्कर्ष मांडलेला दिसला की मला त्या कामाची काळजी वाटते.

सगळ्यात जास्त घोळ ‘रिव्हर्सिबल’ या शब्दाचा. परतीच्या फेरीत शिखर दिसले की अभिक्रिया रिव्हर्सिबल, असे सरसकट म्हटले जाते. खरे तर इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. तयार झालेला पदार्थ परत येईपर्यंत टिकतो का, हा एक. आणि इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण स्कॅनच्या वेगाशी बरोबरी करण्याइतकी झपाट्याने होते का, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर होकारार्थी असेल, तर 25 अंश सेल्सिअसला एका इलेक्ट्रॉनसाठी दोन शिखरांत साधारण 57 ते 59 मिलिव्होल्ट अंतर पडते. फेरोसायनाइडचे अंतर प्रयोगशाळेत बऱ्याचदा 70 ते 90 भरते आणि विद्यार्थी खचतो. खचण्याचे कारण नाही. फेरोसायनाइड आणि त्याचे ऑक्सिडीकृत रूप यांची ही जोडी कार्बनच्या पृष्ठभागाबाबत फार हळवी आहे. इलेक्ट्रोड अ‍ॅल्युमिनाच्या बारीक भुकटीवर नीट घासला नसेल तर अंतर लगेच वाढते. शिवाय तीच जोडी सावकाश स्कॅनला जवळजवळ रिव्हर्सिबल दिसते आणि वेग वाढवला की तशी राहत नाही. रिव्हर्सिबल असणे हा पदार्थाचा कायमचा गुण नाही, त्या वेगापुरता तो निकाल आहे. रिचर्ड निकोल्सन यांनी 1965 मध्ये या वाढत्या अंतरावरूनच इलेक्ट्रॉन देवाणघेवाणीचा वेग काढण्याची रीत दिली.

पण अंतर वाढले म्हणजे देवाणघेवाण मंद, असेही लगेच धरू नये. द्रावणाचा रोधही तेच करतो. सेंद्रिय द्रावकात 1 किलोओहम रोध राहिला आणि 100 मायक्रोअँपिअर धारा वाहिली, तर 100 मिलिव्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. ओळखायचे कसे? पदार्थाचे प्रमाण कमी करून पाहावे. रोधामुळे आलेले अंतर धारेबरोबर आकसते. मंद देवाणघेवाणीमुळे आलेले जागचे हलत नाही.

परतीचे शिखर नसणे हाही अंतिम निकाल नव्हे. तयार झालेला पदार्थ दुसऱ्या अभिक्रियेत मोडत असेल, तर मोडण्याआधी त्याला गाठायचे. स्कॅन वेगाने केले की हरवलेले शिखर उगवते. वेगाचा आणखी मोठा उपयोग मेंदूच्या संशोधनात झाला. उंदरांच्या मेंदूत कार्बनतंतूचा सूक्ष्म इलेक्ट्रोड ठेवून, सेकंदाला 400 व्होल्ट वेगाने, सेकंदातून दहा वेळा स्कॅन करत डोपामिनची चढउतार पाहतात. इतक्या वेगात इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागाला भारित करणारी धारा डोपामिनच्या धारेपेक्षा कितीतरी मोठी असते. ती वजा करावी लागते. आलेखावर दिसणारी सगळी धारा अभिक्रियेचीच असते, ही समजूत इथे टिकत नाही.

ऑक्सिजनचेही तसेच. हवेतून पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन सुमारे 0.25 मिलिमोलर असतो, म्हणजे वरच्या प्रयोगातल्या पदार्थाच्या पाव भाग. क्षपणाच्या बाजूला जायचे असेल तर आधी नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडून तो हाकलायलाच हवा, नाहीतर त्याचे शिखर नव्या पदार्थाचे म्हणून नोंदवले जाते.

काउंटर इलेक्ट्रोडकडे सहसा कुणी पाहत नाही. त्यासाठी सर्रास वापरले जाणारे प्लॅटिनम निष्क्रिय आहे, असे गृहीत धरले जाते. आम्लात हायड्रोजन निर्मितीचा नवा उत्प्रेरक तपासताना हे गृहीतक महागात पडते. काउंटरवरचे प्लॅटिनम थोडे विरघळते, द्रावणातून वर्किंग इलेक्ट्रोडवर जाऊन बसते, आणि स्कॅनमागून स्कॅन उत्प्रेरक ‘सुधारत’ जातो. हायड्रोजन निर्मितीत प्लॅटिनमला तोड नाही, त्यामुळे त्याचा अंशही पुरतो. म्हणून अशा कामात काउंटरला ग्रॅफाइटची कांडी लावतात.