फेरूनचा नकाशा आणि बीदरचा नकाशा

डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्यांच्या वाट्याला एक विलक्षण गोष्ट येते. ज्या जगात ते वर्षानुवर्षं भटकतात, त्या जगाचा भूगोलच नियमपुस्तकाची नवी आवृत्ती आली की बदलतो. एड ग्रीनवुड या कॅनेडियन लेखकानं लहानपणी कल्पिलेलं ‘फरगॉटन रेल्म्स’ हे जग या खेळासाठी 1987 मध्ये प्रसिद्ध झालं. 2001 च्या नकाशात त्यातलं फेरून हे खंड आक्रसलं. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत तर मोठ्या समुद्राचं पाणी ओसरलं, हलरुआ हा जादूगारांचा देश उद्ध्वस्त झाला आणि दुसऱ्याच जगाचे तुकडे इथं येऊन बसले. पुढं पाचव्या आवृत्तीत समुद्र पुन्हा भरला, हलरुआही परतला.

मला यातलं सगळ्यात सुंदर काय वाटतं, तर लेखकांनी त्यासाठी दिलेलं कारण. जादूच्या देवतेचा खून होतो, जादू बेभान होते आणि निळ्या आगीत भूमीच वितळून नवा आकार घेते. त्या जगात राहणाऱ्याला आपला डोंगर कुठं गेला हे कळायलाच हवं, अशी ही जाणीव आहे.

आता फेरूनमधून बीदरला या. 31 ऑक्टोबर 1956 च्या रात्री बीदर जिल्ह्यात लोक झोपले ते हैदराबाद राज्यात. सकाळी उठले तेव्हा त्याच जिल्ह्याचे तुकडे तीन राज्यांत गेले होते. ना आग, ना भूकंप. राज्य पुनर्रचना कायद्याची काही कलमं, बस्स. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले. नारायणखेड आणि जहीराबाद आंध्र प्रदेशात गेले. उरलेलं बीदर म्हैसूर राज्यात आलं. शेजारच्या गुलबर्गा जिल्ह्यातूनही कोडंगल आणि तांडूर आंध्रकडे निघून गेले.

कायद्याची भाषा जवळून वाचली की अंगावर काटा येतो, इतकी ती बारीक आहे. जहीराबाद तालुका आंध्रला, पण त्यातलं निर्णा सर्कल वगळून. बीदर तालुका म्हैसूरला, पण त्यातलं न्याळकल सर्कल आंध्रला. म्हणजे तालुक्यावर न थांबता महसुली सर्कलपर्यंत उतरून एकेक चकती इकडून तिकडं ठेवली गेली. ज्याचं शेत अशा सर्कलच्या कडेला होतं, त्याला बांध ओलांडला की दुसरं राज्य लागत होतं.

कारण होतं भाषा. हैदराबाद राज्यात तेलुगू, मराठी आणि कन्नड असे तीन मोठे प्रदेश होते आणि बीदर जिल्ह्यात ते तिन्ही एकमेकांना भिडत. म्हणून तर इथं निवाडा अवघड गेला. फजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाच्या 1955 च्या अहवालात अख्खा बीदर जिल्हा उरलेल्या हैदराबाद राज्यातच ठेवावा अशी शिफारस होती. ती अमलात आली नाही. पण विचार करा: ती आली असती तर आज कर्नाटकातल्या भालकीचा आणि महाराष्ट्रातल्या उदगीरचा माणूस एकाच जिल्ह्यातला असता. न छापलेल्या आवृत्तीचा हा मसुदा मला फार मोहवतो.

उदगीरमधलं एखादं जुनं घर डोळ्यासमोर आणा. जागचं न हलता ते हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यातून मुंबई राज्याच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गेलं, 1960 मध्ये महाराष्ट्रात आणि 1982 मध्ये लातूर जिल्ह्यात. बीदरकडेही पाटी बदलतच राहिली. म्हैसूरचं कर्नाटक 1973 मध्ये झालं, गुलबर्ग्याचं कलबुर्गी 2014 मध्ये, हैदराबाद-कर्नाटकाचं कल्याण कर्नाटक 2019 मध्ये. त्याआधीच्या आवृत्त्या तर शतकांच्या आहेत: 1347 पासून बहमनींची राजधानी गुलबर्गा, मग पंधराव्या शतकात बीदर; आणि त्याहून जुनी चालुक्यांची कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण.

उलटं घडलं ते 30 सप्टेंबर 1993 ला. लातूर-उस्मानाबाद भागात जमीन खरोखर हादरली, हजारो माणसं गेली, किल्लारीसारखी गावं नव्या जागी वसवावी लागली. पण राज्याची किंवा जिल्ह्याची एकही हद्द त्या भूकंपानं हलली नाही. खऱ्या जगात सीमा हलते कागदावर. जमीन हादरली म्हणून ती हलेलच असं नाही.

मात्र कागदाला पोहोचता न आलेल्या काही गोष्टी आहेत. मांजरा नदी बीडच्या बालाघाटात उगम पावते, लातूर आणि बीदरमधून तेलंगणात जाऊन गोदावरीला मिळते. कर्नाटकातल्या भालकी, औराद, आळंद या भागांत मराठी आजही घराघरात बोलली जाते, आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादातला महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पण मला सगळ्यात जास्त आवडते ती विकाराबाद-परळी रेल्वे. निजामाच्या राजवटीतल्या या मार्गावर जहीराबाद, बीदर, भालकी, कमालनगर, उदगीर ही स्टेशनं एकामागून एक लागतात. 1956 पूर्वी ही पाचही एकाच जिल्ह्यातली होती. आज या प्रवासात आंध्रातून वेगळं झालेलं तेलंगणा, कर्नाटक आणि महाराष्ट्र अशी तीन राज्यं लागतात, आणि रूळ मात्र अजून जुन्या नकाशावरूनच धावतात.