विंडोज बदलण्याचा निर्णय : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचा आधार थांबवला, आणि ज्यांचा रोजचा व्यवहार या प्रणालीवर चालत आला आहे अशा कोल्हापुरातील छापखान्यांपुढे, कर सल्लागारांपुढे, पतसंस्थांपुढे आणि शिरोली व गोकुळ शिरगाव येथील कारखान्यांपुढे एकच प्रश्न उभा राहिला : आहे ते विंडोज ठेवावे की बदलावे? ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारे टॅली, कोरलड्रॉ यांसारखे प्रोग्रॅम यांच्यामध्ये राहून कीबोर्ड, प्रिंटर आणि डिस्क यांना कामाला लावणारा, तसेच कोणती फाइल कोणाला उघडू द्यायची हे ठरवणारा मूळ प्रोग्रॅम होय. ती बदलावी की नाही याचे सरसकट उत्तर देता येत नाही. एकाच कार्यालयातील तीन संगणकांसाठी तीन वेगवेगळी उत्तरे बरोबर असू शकतात. ती शोधताना प्रत्येक संगणकाबाबत दोनच गोष्टी प्रथम पाहाव्या लागतात : तो बाहेरच्या जगाशी कोणत्या वाटेने जोडलेला आहे, आणि त्याच्यावर कोणते यंत्र किंवा कोणता प्रोग्रॅम अवलंबून आहे. प्रचलित समजुती या दोन्ही गोष्टींवरून लक्ष उडवतात, म्हणून त्या तपासून पाहणे आवश्यक ठरते.

आधार संपला म्हणजे संगणक बंद पडणार, किंवा जुने विंडोज वापरणे बेकायदा ठरणार, ही समजूत निराधार आहे. संगणक पूर्वीसारखाच सुरू होतो आणि फाइली जागच्या जागी राहतात. थांबतो तो सुरक्षा-दुरुस्त्यांचा पुरवठा. प्रणालीत सापडलेल्या त्रुटी बुजवणाऱ्या या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध होतात आणि त्यांनाच ‘अपडेट’ म्हणतात, तर एका आवृत्तीवरून दुसऱ्या आवृत्तीवर जाण्याला, उदाहरणार्थ विंडोज १० वरून ११ वर, ‘अपग्रेड’ म्हणतात. या दोहोंची गल्लत झाल्यामुळे अपग्रेड टाळू पाहणारे अनेक जण अपडेटही बंद करून ठेवतात. आधार संपल्यानंतरचा धोका एका दिवसात कोसळत नाही, तो महिन्यामहिन्याने साठत जातो. विंडोज १० आणि ११ यांचा बराचसा अंतर्भाग समान असल्याने ११ साठी निघालेल्या दुरुस्तीचा अभ्यास करून १० मध्ये उघडी राहिलेली तीच फट हुडकणे हल्लेखोरांना शक्य होते.

‘चांगला अँटिव्हायरस आहे, मग चिंता नाही’ हा समज याहून अधिक घातक आहे. अँटिव्हायरस ओळखीच्या किंवा संशयास्पद प्रोग्रॅमला अडवतो, परंतु तो स्वतः ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधाराने उभा असतो आणि प्रणालीच्या गाभ्यातील त्रुटी त्याला बुजवता येत नाही. मे २०१७ मध्ये दीडशेहून अधिक देशांत पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने विंडोजच्या फाइल-वाटपाच्या यंत्रणेतील एका त्रुटीचा उपयोग केला होता. त्या त्रुटीवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने सुमारे दोन महिने आधी, १४ मार्च रोजीच दिलेली होती, आणि बाधित संगणकांपैकी बहुतांश संगणक तेव्हा आधार चालू असलेल्या विंडोज ७ चे होते. म्हणजे नुकसान झाले ते प्रणाली जुनी असल्यामुळे कमी आणि मिळालेली दुरुस्ती बसवली नसल्यामुळे अधिक.

‘आपल्या संगणकात चोरण्यासारखे आहेच काय’ हे वाक्यही वारंवार ऐकू येते. त्याच वर्षी २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ हा प्रोग्रॅम पसरला तेव्हा मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील, मर्स्क समूहाच्या कंपनीकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. हल्ल्याचा उगम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये होता आणि या बंदराशी त्याचे काहीही वैर नव्हते. असे हल्ले माणूस पाहून होत नाहीत. शिवाय नॉटपेट्या संगणकातून उचललेल्या पासवर्डांच्या साहाय्यानेही पसरत असल्याने दुरुस्ती बसवलेले काही संगणकही त्यात सापडले, हे नमूद केले पाहिजे. अपडेट आवश्यक आहे, पुरेसे नाही. कर सल्लागाराच्या संगणकाला तर अनेक अशिलांच्या डिजिटल स्वाक्षरीची टोकने दिवसभर आळीपाळीने जोडली जातात आणि त्यांची विवरणपत्रे, पॅन व बँक खात्यांचे तपशील तेथेच साठवलेले असतात. अशा संगणकावर आधार संपलेली प्रणाली ठेवणे म्हणजे स्वतःबरोबर दुसऱ्यांनाही धोक्यात घालणे आहे, आणि तेथे चालढकलीला जागा नाही.

बँकांच्या बाबतीत जुनी प्रणाली बदलण्याचा निर्णय अखेर नियमानेच घडवावा लागला. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपूनही देशातील अनेक एटीएम यंत्रे त्यावरच चालत राहिल्याने रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ रोजी परिपत्रक काढून टप्प्याटप्प्याने जून २०१९ पर्यंत सर्व एटीएमवर आधार चालू असलेली प्रणाली बसवण्यास सांगितले.

विंडोज ११ संगणक स्वीकारत नाही असा संदेश दिसताच नवा संगणक घ्यावा लागणार असे मानणे घाईचे आहे. या आवृत्तीला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याशिवाय गुप्त कळा सुरक्षित ठेवणारी टीपीएम २.० ही व्यवस्था आणि सुरू होतानाच प्रणालीची अस्सलता तपासणारी ‘सिक्युअर बूट’ ही सोयही लागते. यांपैकी टीपीएम अनेक संगणकांत असूनही विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बायोसच्या सेटिंग्जमध्ये बंद ठेवलेली असते, इंटेलच्या बोर्डांवर ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डांवर ‘एफटीपीएम’ या नावाने, आणि ती सुरू करताच अडथळा दूर होतो. प्रोसेसरच जुना असेल तर मात्र अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या कामाच्या संगणकावर वापरू नयेत, कारण अशा संगणकाला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. अशा वेळी दोन मार्ग उरतात. पहिला, वाढीव सुरक्षा-अपडेटांची योजना : घरगुती वापरकर्त्यांसाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जाहीर झाली असून मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग्जचा बॅकअप जोडल्यास विनामूल्य, अन्यथा ३० डॉलर शुल्काने मिळते, तर संस्थांना ती कमाल तीन वर्षे घेता येते, परंतु प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलरपासून सुरू होणारे शुल्क दरवर्षी दुप्पट होत जाते. हा मार्ग वेळ विकत घेण्याचा आहे, प्रश्न सोडवण्याचा नव्हे. दुसरा मार्ग उबुंटू किंवा मिंट यांसारख्या लिनक्स प्रणालींचा. ज्या संगणकावर केवळ ब्राउझर, ईमेल आणि पत्रलेखन चालते तेथे तो उत्तम आहे, मात्र टॅली, कोरलड्रॉ किंवा विंडोजसाठीच बनलेले प्रोग्रॅम जेथे अपरिहार्य आहेत तेथे त्याचा आग्रह धरू नये.

छापखान्यांतील सर्वांत घट्ट समजूत अशी, की विंडोज बदलले की मराठी फॉन्ट ‘उडतात’ आणि जुना मजकूर वाचता येत नाही. यातील कार्यकारणभाव समजून घेण्याजोगा आहे. श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असतात. लग्नपत्रिकेच्या किंवा पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाच्या फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरे व चिन्हेच साठवलेली असतात आणि तो ठरावीक फॉन्ट त्यांना पडद्यावर मराठी रूप देतो. तो फॉन्ट संगणकावर नसला की मूळ चिन्हे उघडी पडतात. विंडोज १० वरच ११ चढवले तर बसवलेले फॉन्ट सहसा टिकतात. डिस्क कोरी करून नव्याने विंडोज टाकले तरच ते जातात, आणि फॉन्टच्या फाइली आधी जपून ठेवल्या असतील तर परत बसवता येतात. दोष प्रणालीचा नसून मजकूर साठवण्याच्या जुन्या पद्धतीचा आहे.

याच्या उलट टोकाचा गैरसमज असा, की नवे विंडोज आले की जुना मजकूर आपोआप युनिकोड होतो. युनिकोड ही प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी जागतिक व्यवस्था असून विंडोजमध्ये देवनागरीची सोय २००० सालच्या आवृत्तीपासूनच आहे, परंतु कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम फाइलमधला मजकूर स्वतःहून बदलत नाही. ते काम रूपांतरकाने करून घ्यावे लागते आणि त्यानंतर ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांसारखी जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटीच्या जागा माणसाने डोळ्यांखालून घालाव्या लागतात. त्यातच ज्या पेजमेकरवर एका पिढीने पाने लावली त्याची शेवटची मुख्य आवृत्ती २००१ ची आहे, त्यात युनिकोड देवनागरीची जुळणी होत नाही आणि त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये पेजमेकरच्या फाइली थेट उघडतही नाहीत. गावोगावच्या शाळांच्या स्मरणिका, तालमींचे आणि संस्थांचे इतिहास, स्थानिक लेखकांचे गौरवग्रंथ अशा फाइलींत अडकून पडले आहेत. त्यांतला एकही शब्द आज शोध घेऊन सापडत नाही. जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी या फाइलींचे पीडीएफ आणि युनिकोड अशा दोन्ही रूपांत जतन करणे हे छापखान्याचे केवळ व्यावसायिक काम नाही, ती मराठी मजकुराची राखण आहे, आणि विंडोज बदलण्याच्या निमित्ताने ती घडली तर या खटाटोपाचे सार्थकच होईल.

ज्या अडचणींचे खापर विंडोज ११ वर फुटते त्यांतील पुष्कळशा वास्तविक ३२ बिटवरून ६४ बिटवर जाण्याच्या आहेत. बिटांची ही संख्या प्रोसेसर एका वेळी केवढी माहिती हाताळतो ते सांगते. विंडोज १० दोन्ही रूपांत मिळत असे, ११ केवळ ६४ बिटचे आहे, आणि ६४ बिट विंडोजवर डॉस या जुन्या प्रणालीच्या काळातील प्रोग्रॅम थेट चालत नाहीत, तसेच प्रिंटर किंवा प्रोग्रॅमचा परवाना सिद्ध करणारा डाँगल यांसारख्या उपकरणांची विंडोजशी ओळख करून देणारे ३२ बिटचे ड्रायव्हरही चालत नाहीत. एखाद्या संस्थेचा हिशेब फॉक्सप्रोमध्ये लिहिलेल्या डॉसवरच्या जुन्या प्रोग्रॅमवर चालत असेल तर तेथे खरा प्रश्न विंडोजचा नसून त्या प्रोग्रॅमचा आहे. डॉसबॉक्ससारख्या अनुकारकात तो चालवून पाहता येतो, मात्र डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर पावती नीट उमटते का याची चाचणी आधीच घ्यावी लागते. सध्याचे विंडोज ६४ बिटचे आहे का, हे सेटिंग्जमधील ‘अबाउट’ या पानावर ‘सिस्टीम टाइप’ या ओळीत दिसते.

प्रत्येक संगणक अद्ययावत असलाच पाहिजे, हा आग्रहही विवेकाचा नाही. फाउंड्रीत भट्टीतला वितळलेला धातू साच्यात ओतण्यापूर्वी त्याचा छोटा नमुना काढून थंड करतात, घासून सपाट करतात आणि स्पेक्ट्रोमीटरवर ठेवून त्यावर ठिणगी पाडतात; त्या प्रकाशाच्या पृथक्करणावरून कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक आणि फॉस्फरस यांचे प्रमाण थोड्याच वेळात जोडलेल्या संगणकाच्या पडद्यावर येते. हा संगणक यंत्राचाच एक अवयव आहे. यंत्राच्या उत्पादकाने नव्या विंडोजची खात्री दिलेली नसताना तो अपग्रेड केला आणि सॉफ्टवेअर चालेनासे झाले तर वितळलेला धातू भट्टीत खोळंबून राहतो. संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या सीएनसी यंत्रांच्या नियंत्रकांचेही तेच. त्यांतील काही आजही एक्सपी किंवा विंडोज ७ च्या विशेष आवृत्त्यांवर चालतात. येथे उपाय बदलाचा नसून विलगीकरणाचा आहे : इंटरनेट नाही, कार्यालयाच्या जाळ्याशी जोडणी नाही, आणि एकच राखीव पेनड्राइव्ह, तोही दर वेळी तपासून. नेट नाही म्हणजे व्हायरस नाही असे मात्र समजू नये, कारण २०१० मध्ये उघडकीस आलेला ‘स्टक्सनेट’ पेनड्राइव्हच्या वाटेनेही पसरत होता. नवे यंत्र खरेदी करताना त्यात कोणते विंडोज आहे हे विचारून घ्यावे. औद्योगिक उपकरणांसाठीच्या विंडोज १० आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१ या आवृत्तीचा आधार जानेवारी २०३२ पर्यंत आहे, त्यामुळे विंडोज १० एकाच दिवशी सगळीकडे संपले असेही नाही.

क्रॅक केलेले विंडोज ‘तेच तर असते’ हा समज थोडक्यात निकालात काढता येतो : क्रॅक टिकावा म्हणून अपडेट बंद ठेवले जातात आणि क्रॅक करणारा प्रोग्रॅम प्रशासकाच्या पूर्ण अधिकाराने चालवावा लागतो. अस्सल विंडोज १० वरून ११ वर जाणे विनामूल्य असताना हा धोका पत्करण्याचे कारण उरत नाही.

डी ड्राइव्हवर ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप, हा गैरसमज अपग्रेडच्या वेळी सर्वाधिक महागात पडतो. सी आणि डी हे बहुधा एकाच डिस्कचे दोन भाग असतात, त्यामुळे डिस्क गेली की दोन्ही जातात, आणि खंडणीखोर प्रोग्रॅम दोन्हींना कुलूप लावतो. बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत काढून ती त्याच टेबलाच्या खणात ठेवली तर काय होते, हे पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी शिरलेल्या दुकानांना वेगळे सांगण्याची गरज नाही. एक प्रत दुसऱ्या इमारतीत, शक्यतो उंचावरच्या भागात असली पाहिजे. नव्याने विंडोज ११ बसवताना मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यास संपूर्ण डिस्क आपोआप सांकेतिक रूपात बंद होऊ शकते, म्हणून तिची ‘रिकव्हरी की’ कागदावर उतरवून संगणकापासून दूर ठेवावी.

वेळेची निवडही महत्त्वाची आहे. मार्चअखेर, वार्षिक सभांच्या अहवालांचा हंगाम, किंवा मासिक जीएसटी विवरणपत्रांच्या ११ आणि २० तारखांच्या आसपास अपग्रेडला हात घालू नये. अपग्रेडनंतर दहा दिवसांपर्यंत सेटिंग्जमधील ‘रिकव्हरी’ या पानावरून पूर्वीच्या विंडोजवर परतता येते, मात्र त्या अवधीत जागा मोकळी करण्यासाठी ‘विंडोज.ओल्ड’ हे फोल्डर पुसून टाकल्यास ती वाट बंद होते. त्यामुळे स्वाक्षरीचे टोकन, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, डाँगल आणि जुन्या फॉन्टमधली किमान एक फाइल यांची तपासणी पहिल्या दोन-तीन दिवसांतच उरकून घ्यावी लागते.