एका रानाच्या टनेजवर भुलू नका

(शेतकी विभागाकडून)



गळीत हंगामाची गडबड ओसरली की आमच्या गट कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, अमक्याच्या रानात टॉनिक मारलं आणि एकरी सहा टन वाढ मिळाली म्हणतात. आम्ही मारावं का?" यंदा प्रश्न एवढ्यावर थांबलेला नाही. वाढीचे असे एक फवारणीचे औषध कारखान्याने घाऊक खरेदी करावे, सभासदांना उधारीवर द्यावे आणि ऊसबिलातून कपात करावी, अशी मागणी बऱ्याच गावांतून आली आहे. मागणी चांगल्या हेतूने आहे. पण कपात होणार ती तुमच्याच बिलातून. म्हणून "होय" किंवा "नाही" म्हणण्यापूर्वी हे उत्तर काढायचे कसे, ते या लेखात मांडत आहोत. थोडी आकडेमोड आहे, पण वजनकाट्याची पावती वाचणाऱ्या माणसाला जड जाईल अशी नाही.

आधी आमची चूक

तीन वर्षांपूर्वी याच वार्तापत्रात आम्ही एका सभासदाच्या उसाचे कौतुक छापले होते. त्यांनी एक टॉनिक फवारले होते आणि शेजारच्या रानापेक्षा त्यांचे टनेज चांगलेच जास्त आले होते. आम्ही फोटो छापला, औषधाचे प्रमाण छापले. वाचून अनेकांनी बाटल्या आणल्या. पुढच्या हंगामात त्यातले बरेचजण आमच्याकडे तोंड पाडून आले. फरक काही दिसला नव्हता.

मग आम्ही पुन्हा त्या सभासदाच्या वस्तीवर गेलो. चहा देता देता घरच्या मालकीणबाई सहज बोलून गेल्या, "आवो साहेब, त्या तुकड्यात आदल्या साली मेंढरं बसवली होती की!" आम्ही कपाळावर हात मारला. टनेज वाढले होते हे खरे, पण ते बाटलीने की लेंडीखताने, हे कोण सांगणार? त्या सभासदांनी काही लपवले नव्हते. विचारायचे काम आमचे होते, ते आम्ही केले नाही. एका रानावरून सगळ्या शिवाराला सल्ला दिला, ही चूक सर्वस्वी आमची.

समजा, बाटलीत नुसते पाणीच होते

दोन रानांचा ऊस कधीच सारखा भरत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. दोन राने कशाला, एकाच रानात पाटाच्या तोंडाशी ऊस जोमदार आणि शेवटाला बारीक असतो. दोन्ही तुकड्यांत काहीही न फवारता वेगवेगळे वजन केले तरी एक भारी निघणार आणि एक हलका. म्हणजे फरक दिसला, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. औषधाशिवायही एवढा फरक सहज पडला असता का, हा खरा प्रश्न आहे.

संख्याशास्त्रात याची एक सरळ रीत आहे. आधी असे धरून चालायचे की बाटलीत नुसते पाणीच होते, औषधाचा परिणाम शून्य. याला शून्य गृहीतक म्हणतात. मग बघायचे की नुसत्या पाण्याने असे आकडे कितपत सहज येऊ शकतात. सहज येत असतील तर औषधाच्या बाजूचा पुरावा अपुरा. क्वचितच येत असतील तर "नुसते पाणी" हे गृहीत सोडून द्यायचे.

हिशेब समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. हे आकडे कोणाच्या रानाचे नाहीत, समजुतीसाठी धरलेले आहेत. समजा, आठ सभासदांनी प्रत्येकी एकाच रानात शेजारी-शेजारी दोन तुकडे ठेवले, एक फवारलेला आणि एक तसाच. दोन्हींना बेणे, खत, पाणी सारखे. तोडणीनंतर फवारलेल्या तुकड्यात एकरी टनेजचा फरक असा आला: ६ टन जास्त, १ टन कमी, ४ जास्त, १ जास्त, २ कमी, ५ जास्त, ३ जास्त आणि शेवटच्या रानात बरोबरी.

विक्रेता यातला कोणता आकडा पत्रकावर छापेल? अर्थात ६ टनांचा. २ टन कमी आलेला शेतकरी पत्रकात कधी दिसत नाही.

आता बरोबरीचे रान सोडले तर सातपैकी पाच रानांत फवारलेली बाजू वरचढ ठरली. ऐकायला जोरदार वाटते. पण रुपयाचे नाणे सात वेळा उडवून बघा. छापा-काट्याचे एकूण १२८ प्रकार होतात आणि त्यातल्या २९ प्रकारांत पाच किंवा जास्त छापे पडतात. म्हणजे नुसत्या पाण्याने देखील शंभरात जवळजवळ तेवीस वेळा असा निकाल लागेल. एवढ्या बळावर आम्ही तुमच्या बिलातून कपात करावी काय?

शंभरात पाच वेळांपेक्षा कमी येणारी गोष्ट असेल तरच फरक लक्षणीय मानायचा, असा रिवाज आहे. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचे किंवा कृषी विद्यापीठाचे अहवाल ज्यांनी चाळले असतील त्यांना तक्त्याच्या तळाशी "सी. डी. ५ टक्के" अशी एक ओळ आठवेल. त्या आकड्यापेक्षा दोन वाणांतला फरक कमी असेल तर तो नशिबाचा खेळ असू शकतो, एवढाच तिचा अर्थ. मात्र हा पाच टक्क्यांचा उंबरठा माणसानेच घातलेला आहे. वीस निरुपयोगी औषधांची अशी चाचणी घेतली तर त्यातले एखादे केवळ योगायोगाने उंबरठा ओलांडू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

किती टन, आणि किती खात्रीने

फरक आहे की नाही एवढ्याने शेतकऱ्याचे भागत नाही. किती आहे, हे कळायला हवे. आपले जुने जाणते लोक उभ्या उसाचा अंदाज सांगताना "बेचाळीस टन" असे कधी म्हणत नाहीत, "चाळीस-पंचेचाळीस बसेल" म्हणतात. हीच शहाणपणाची रीत संख्याशास्त्राने हिशेबात बसवली आहे. तिला विश्वासमर्यादा म्हणतात.

वरच्या आठ आकड्यांची सरासरी येते २ टन जास्त. पण आकडे किती विस्कटलेले आहेत बघा, कुठे ६ जास्त तर कुठे २ कमी. या विस्कटण्यावरून सरासरी किती चुकू शकते ते काढता येते. इथे ती प्रमाण चूक १.०३५ टन येते. आठ रानांसाठी तक्त्यातला आकडा २.३६५. दोहोंचा गुणाकार सुमारे २.४५ टन. तो सरासरीतून वजा केला आणि सरासरीत मिळवला की ९५ टक्क्यांची मर्यादा मिळते: खाली जवळजवळ अर्धा टन तोटा, वर जवळजवळ साडेचार टन फायदा.

हा पट्टा शून्याला ओलांडून तोट्याकडे जातो. म्हणजे "फायदा झाला" असे छातीठोक सांगता येत नाही. पण "औषध निकामी आहे" असेही सांगता येत नाही, कारण चार टनांचा फायदाही याच पट्ट्यात बसतो. सिद्ध न होणे वेगळे आणि खोटे ठरणे वेगळे. खरे उत्तर असे की आठ राने कमी पडली.

९५ टक्के म्हणजे काय, तेही नीट समजून घ्यावे. असे प्रयोग शंभर वेळा करून शंभर पट्टे काढले, तर त्यातले सुमारे पंच्याण्णव पट्टे खऱ्या आकड्याला आपल्या पोटात घेतील. आपल्या हातात आलेला पट्टा त्या पंच्याण्णवातला की उरलेल्या पाचातला, हे मात्र कोणी सांगू शकत नाही.

आता समजा, आठांऐवजी २४ राने घेतली, सरासरी २ टनच आली आणि विस्कटणेही तेवढेच राहिले. मग पट्टा आवळतो: खाली पाऊण टन, वर सव्वातीन टन. शून्य बाहेर पडले, औषधाचा गुण दिसला. पण फवारणीचा सगळा खर्च एकरी एक टन उसाच्या किमतीएवढा असेल तर? खालच्या टोकाला पाव टनाचा तोटाच आहे! म्हणून फरक "लक्षणीय" असला तरी तो परवडणारा आहे काय, हा दुसरा प्रश्न विचारलाच पाहिजे. पट्ट्याचे खालचे टोक खर्चाच्या वर असेल तर निर्धास्त जावे.

ही रीत आली कोठून

हे शास्त्र मोठ्या प्रमाणात शेतीतूनच वाढले आहे. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या गिनेस कंपनीत विल्यम गॉसेट नावाचे गृहस्थ नोकरीला होते. कंपनीचा धंदा बार्लीवर चालणारा. हाती आकडे थोडे असताना किती विश्वास ठेवावा, हा त्यांचा रोजचा पेच होता. १९०८ साली त्यांनी त्याचे उत्तर "स्टुडंट" या टोपणनावाने छापले, कारण नोकरांनी स्वतःच्या नावाने लेख छापणे कंपनीला मंजूर नव्हते. आम्ही वर वापरलेला २.३६५ हा आकडा त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या तक्त्यातला.

पुढे इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड या जुन्या शेती संशोधन केंद्रात १९१९ साली रोनाल्ड फिशर रुजू झाले. प्रयोगात कोणत्या तुकड्याला काय द्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, असा त्यांचा आग्रह होता. आपल्या १९३५ सालच्या पुस्तकात त्यांनी चार्ल्स डार्विन यांचा मक्याचा एक जुना प्रयोग तपासला आहे. डार्विन यांनी परपरागित आणि स्वपरागित बियांची १५ जोड रोपे वाढवली आणि १८७६ साली त्यांच्या उंचीचे आकडे प्रसिद्ध केले. जोडीतली दोन्ही रोपे एकाच कुंडीत, म्हणजे माती-पाणी एकच. १५ पैकी १३ जोड्यांत परपरागित रोप उंच निघाले. सरासरी फरक सुमारे २.६ इंच. एवढे असूनही ९५ टक्क्यांची मर्यादा काढली तर ती शून्याच्या जेमतेम वरून सुरू होते आणि ५.२ इंचांपर्यंत जाते. उरलेल्या दोन जोड्यांत उलटा फरक इतका मोठा होता की त्यांनी पट्टा ताणून ठेवला. डार्विनसारख्या माणसाचा प्रयोग उंबरठा कसाबसा ओलांडतो, तिथे आपल्या एका रानाची काय कथा?

विश्वासमर्यादेची आजची मांडणी जर्झी नेमन यांनी १९३७ सालच्या निबंधात केली. त्याच सुमारास लंडनला नेमन यांच्या हाताखाली शिकलेले एक विद्यार्थी आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे होते, डॉ. पां. वा. सुखात्मे. डॉ. पानसे यांच्यासह त्यांनी शेती संशोधकांसाठी लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ साली निघाले. आमच्यासारख्या शेती पदविकेवाल्यांच्या पिढ्या त्याच वाटेने गेल्या. त्यातले आम्ही विसरलो आणि फोटो छापून मोकळे झालो, याची आज खंत वाटते.

आता करायचे काय

येत्या लागणीत २४ सभासदांच्या रानात जोडतुकडे घ्यावेत, असे शेतकी विभागाने योजले आहे. प्रत्येकी दहा-दहा गुंठ्यांचे दोन तुकडे. भारी, मध्यम आणि हलके, तिन्ही प्रकारची राने हवीत. नावे गट कार्यालयात द्यावीत. भाग घेणाऱ्यांना पुढील विनंती आहे.

१. दोन्ही तुकडे एकाच रानात, एकच वाण, एकाच दिवसाची लागण. आदल्या साली मेंढरे बसवली असतील, गाळ टाकला असेल, तर आधी सांगावे.

२. कोणता तुकडा फवारायचा ते रुपया उडवून ठरेल. "हा तुकडा चांगला आहे, इथंच मारू" असा आग्रह धरू नये.

३. फवारलेल्या तुकड्यावर जास्त जीव लावू नये. युरियाची एक जादा मूठही सगळा हिशेब बिघडवते.

४. दोन तुकड्यांमधल्या दोन सऱ्या वजनात धरायच्या नाहीत. औषध वाऱ्याने पलीकडे जाते.

५. तोडणी एकाच टोळीकडून, शक्यतो एकाच दिवशी. वजन वेगवेगळे होईल. कोणती गाडी कोणत्या तुकड्याची, हे काट्यावरच्या माणसाला कळू द्यायचे नाही.

२४ च्या २४ रानांचे आकडे, जास्त आलेले आणि कमी आलेलेही, आम्ही याच पानावर छापू. तोवर कारखान्याने औषधाची घाऊक खरेदी करू नये, अशी शिफारस आम्ही संचालक मंडळाकडे केली आहे. काही सभासदांना हा उशीर वाटेल. पण एक हंगाम थांबल्याने जे जाईल, त्यापेक्षा हजारो एकरांवर न परवडणारी फवारणी केल्याने जास्त जाईल.

तोपर्यंत कोणी बाटली घेऊन बांधावर आला तर त्याला तीन प्रश्न विचारा. किती रानांत बघितले? न फवारलेला तुकडा शेजारी होता का? आणि जिथे गुण आला नाही त्या रानांचे आकडे कुठे आहेत? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर चहा पाजून वाटेला लावावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी