फुकटची गाडी, उधारीची वही

माझ्या वडिलांचं चिपळूणजवळ किराणा दुकान होतं. दर्शनी भागात पाटी होती, ‘आज रोख, उद्या उधार’. पण गल्ल्याखाली उधारीची वहीही होती. गिऱ्हाइकाला त्याचा आकडा मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय अब्बा माल देत नसत. बर्मिंगहॅमहून भाच्याचा फोन आला तेव्हा मला ती वही आठवली.

‘‘मामू, धडक त्यानं मारली आणि कोर्टाचा कागद मला कसा?’’

झालं होतं असं. सिग्नलला उभ्या असलेल्या त्याच्या गाडीवर मागून दुसरी गाडी आदळली. चूक सरळसरळ समोरच्याची. दुसऱ्या दिवशी एका कंपनीची माणसं चकचकीत गाडी घेऊन दारात हजर. ‘‘तुमची दुरुस्त होईपर्यंत ही वापरा. तुम्हांला एक पेनीही पडणार नाही.’’ यानं सही केली. गाडी तीस दिवस वापरली, रोजचे साठ पौंड. बिल झालं अठराशे.

या व्यवहाराला तिकडे ‘क्रेडिट हायर’ म्हणतात. गाडी फुकट नसते, उधारीवर असते. भाडं तुमच्याच नावावर चढतं. कंपनी ते चूक करणाऱ्याच्या विमा कंपनीकडून वसूल करू पाहते, पण दावा तुमच्या नावानं चालतो. वादी तुम्ही!

विमा कंपनी तीन प्रश्न विचारते. गाडीची खरंच गरज होती का? इतके दिवस लागले का? आणि दर इतका का? गरज वादीनं सिद्ध करायची, हे हाऊस ऑफ लॉर्ड्सनं 1993 सालीच सांगितलं. दराची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. उधारीचा दर बाजारभावापेक्षा चढा असतो, कारण त्यात उधार देण्याचे आणि दावा चालवण्याचे पैसे धरलेले असतात. हा जादा भाग सहसा मिळत नाही, बाजारभावाएवढंच भाडं मिळतं, असा कल 2000 साली त्याच न्यायालयानं ‘डायमंड विरुद्ध लव्हेल’ खटल्यात दाखवला. पण 2003 साली ‘लॅगडेन विरुद्ध ओ’कॉनर’ खटल्यात वादी बेकार आणि आजारी होता. रोख भाडं भरणं त्याला शक्यच नव्हतं. अशा माणसाला पूर्ण दर मिळाला पाहिजे, असा बहुमतानं निकाल लागला. रास्त नाही असा त्याग केल्याशिवाय ज्याला पैसे उभे करता येत नाहीत, तोही यात येतो.

माझ्या भाच्याचं घोडं इथंच अडलं. ऐपत नव्हती असं म्हणायचं, तर बँकेचे कागद दाखवावे लागतात. त्याच्या खात्यात सहा हजार पौंड होते. माझ्या बहिणीच्या हजसाठी साठवलेले. ‘‘मामू, ते पैसे लपवू का?’’

मी म्हणालो, ‘‘बाळा, एक अक्षर लपवू नकोस. कशासाठी साठवलेत तेही लिही.’’

अशा करारांसोबत पुष्कळदा एक विमा असतो. वसुली झाली नाही तर तो भाडं भरतो, पण तुम्ही खरं बोललात, कागद दिलेत, बोलावल्यावर कोर्टात गेलात तरच. खोटं सापडलं की बिल तुमच्या दारात. भाच्यानं सगळं लिहून दिलं. सुनावणीआधी तडजोड झाली, बाजारभावानं साडेदहाशे पौंड मिळाले आणि उरलेले कंपनीनं सोडून दिले. बहिणीचे पैसे वाचले.

आपली कितीतरी मुलं आज विलायतेत आहेत. त्यांना एवढं कळवा. अपघातानंतर आधी आपल्याच विमा कंपनीला विचारा, पॉलिसीत बदली गाडी आहे का? समोरच्या विमा कंपनीनं गाडी देऊ केली, तर ते पत्र फेकू नका. रोजचा दर विचारा. वसुली झाली नाही तर कोण भरणार, हे लेखी घ्या. घरी बसून सही केली असेल, तर साधारणपणे चौदा दिवसांत करार रद्द करता येतो, मात्र वापरलेल्या दिवसांचं भाडं मागितलं जाऊ शकतं. आणि आपली गाडी दुरुस्त झाली की भाड्याची त्याच दिवशी परत करा.

थोडक्यात, अब्बांसारखं करा. सही करण्याआधी आकडा मोठ्यानं वाचायला लावा.