पर्लकोटेपलीकडचे लिनक्स

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला म्हणजे भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि रस्त्यामागोमाग विजेचा व दूरध्वनीचाही भरवसा उरत नाही. म्हणूनच गडचिरोली जिल्ह्यातील दुर्गम गावांना चार महिन्यांचे धान्य पावसाळ्यापूर्वीच पोचते करण्याची तजवीज सरकारदरबारी होत आलेली आहे. संगणकाची बेगमीही याच रीतीने करावी लागते. १९८२ पर्यंत एकच असलेल्या चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यबहुल जिल्ह्यांत, शाळेच्या किंवा ग्रामसभेच्या संगणकावर कोणते लिनक्स बसवावे, या प्रश्नाचा निकाल पडद्याच्या रंगरूपावरून लावून चालणार नाही. नेट तुटल्यावर आणि लाइट गेल्यावर ते किती तग धरते, यावरूनच तो लावला पाहिजे.

लिनक्स हे नाव वस्तुतः केवळ गाभ्याचे आहे. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सिद्ध केलेला हा गाभा संगणकाची मेमरी, डिस्क व कळफलक यांचा कारभार पाहतो. त्याच्याभोवती हजारो प्रोग्रामांची परस्परांशी जुळवणी करून जो संच लोकांच्या हाती दिला जातो, त्याला डिस्ट्रिब्यूशन किंवा बोलण्यात ‘डिस्ट्रो’ म्हणतात. असे संच शेकड्यांनी असल्यामुळे नवखा माणूस गोंधळतो. परंतु त्यांची मुळे थोडीच आहेत. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियनवर २००४ चे उबुंटू उभे राहिले, उबुंटूच्या आधाराने २००६ साली लिनक्स मिंट आले, आणि सी-डॅक या भारतीय संस्थेने तयार केलेले ‘बॉस’ हेही डेबियनच्याच कुळातले आहे. हे कूळ ओळखले की निवडीचे निम्मे काम झाले.

महाराष्ट्रातील एका खेड्याने या प्रश्नाचा अनुभव पूर्वीच घेतला आहे. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैरात-धनगरवाडा येथील लहानशा शाळेत २००७ साली ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक उपक्रमाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप मुलांच्या हाती आले. त्यांत अवघी २५६ मेगाबाइट मेमरी व एक गिगाबाइट साठवण होती, आणि एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर लिनक्सच्या फेडोरा संचाची काटछाट केलेली आवृत्ती व ‘शुगर’ नावाचे मुलांसाठी घडविलेले दर्शनी रूप चालत असे. यंत्र दुबळे असले तरी त्याच्या कुवतीप्रमाणे प्रणाली छाटता येते, ही गोष्ट तेथे प्रत्यक्ष दिसली.

ही मुभा आज विशेष मोलाची झाली आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि पुढच्या आवृत्तीच्या अटी जुन्या यंत्रांना झेपण्यासारख्या नसल्यामुळे, अन्यथा धडधाकट असलेले कितीतरी संगणक केवळ त्याच कारणास्तव अडगळीत जातील. अशा यंत्रासाठी मी डेबियनची स्थिर आवृत्ती आणि तिच्यावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप सुचवीन; दोन गिगाबाइट मेमरीत ही जोडी नीट चालते. यंत्र ३२ बिटचे असेल तर मात्र २०२३ सालची बारावी आवृत्तीच घ्यावी, कारण तेराव्या आवृत्तीने त्या जातीच्या यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणे बंद केले. चार गिगाबाइट वा अधिक मेमरी असेल आणि वापरणाऱ्याला विंडोजची सवय असेल, तर मिंटही उत्तम.

डेबियनचा मी आग्रह धरतो तो त्याच्या बेगमीच्या सोयीमुळे. नेट नसतानाही पहिल्या डीव्हीडीच्या प्रतीवरून संपूर्ण डेस्कटॉप बसविता येतो, आणि बाराव्या आवृत्तीपासून वायफाय इत्यादींना लागणारे फर्मवेअरही त्यातच समाविष्ट असते. प्रत पेनड्राइव्हवर उतरविण्यापूर्वी तिचा शा-२५६ हा पडताळणीचा आकडा काढून संकेतस्थळावरील अधिकृत आकड्याशी ताडून पाहावा. फाइलमधील एक अक्षर जरी बदलले तरी हा आकडा पार निराळा येतो. पुढे नवीन सॉफ्टवेअर हवे झाल्यास ‘ॲप्ट-ऑफलाइन’ हा प्रोग्राम कामी येतो. गावातील संगणकावर काय हवे याची मागणी-फाइल तयार करून ती पेनड्राइव्हवर घ्यावयाची, आलापल्ली किंवा अहेरीसारख्या ठिकाणी नेट असलेल्या संगणकावर त्या यादीबरहुकूम सर्व उतरवून घ्यावयाचे, आणि परत येऊन ते बसवावयाचे. पेनड्राइव्ह वाटेत कितीही हातांतून गेला तरी चिंता नसावी. डेबियनच्या मूळ सूचीवर गुप्तलिपिशास्त्राने केलेली स्वाक्षरी असते आणि प्रत्येक पॅकेजचा आकडा तिच्यात नोंदलेला असल्यामुळे, वाटेत बदललेले पॅकेज संगणक स्वीकारीतच नाही.

लाइट अवचित गेल्यास काय, हाही प्रश्न येथे रोजचा. बसविताना डिस्कसाठी ‘एक्स्ट-४’ ही फाइल-व्यवस्था ठेवावी. ती आपल्या रचनेतील बदल प्रत्यक्ष करण्याआधी स्वतंत्र जागी टिपून ठेवते, त्यामुळे वीज परतल्यावर अर्धवट राहिलेला व्यवहार पुरा करता येतो किंवा सोडून देता येतो. नुकतेच लिहिलेले व न साठविलेले पान मात्र तीही वाचवू शकत नाही. तेवढ्यासाठी यूपीएसला पर्याय नाही.

सर्व्हरच्या बाबतीत सबुरी अधिक हवी. सेंटॉस ८ या लिनक्स संचाचा पाठिंबा २०२९ पर्यंत राहील या भरवशावर अनेकांनी ते बसविले, आणि २०२० च्या डिसेंबरात जाहीर झाले की तो २०२१ अखेरच संपणार. एकाच कंपनीच्या मर्जीवर चालणाऱ्या संचापेक्षा स्वयंसेवकांच्या सनदेवर चालणारे डेबियन मला येथे अधिक विश्वासार्ह वाटते. शाळेच्या खोलीत ठेवलेल्या लहानशा यंत्रावर ‘किविक्स’ हा प्रोग्राम बसवून त्यात मराठी विकिपीडिया भरला, तर तालुक्याशी संपर्क नसतानाही वायफायवरून मुलांना तो वाचता येतो. मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाल्यापासून या मुलखात बांबू व तेंदूपत्त्याचा जमाखर्च ठेवणाऱ्या ग्रामसभा उभ्या राहिल्या आहेत. त्यांचे दप्तर लिबरऑफिसच्या खुल्या स्वरूपात राहिले, तर वीस वर्षांनी ते उघडण्यासाठी कोणत्याही परवान्याची याचना करावी लागणार नाही.

भाषेचा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. या जिल्ह्यांत मराठीबरोबर गोंडी व माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू आणि मुलचेऱ्याच्या बाजूस बंगाली बोलली जाते. लिनक्समध्ये देवनागरी, तेलुगू व बंगाली या लिप्यांचे कळफलक एकाच यंत्रावर नांदू शकतात. पडद्यावरील एका कळीने देवनागरीवरून तेलुगूवर जाता येते. बालाघाटच्या मुनशी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली रचलेल्या गोंडी लिपीला २०१७ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले, तर चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावच्या हस्तलिखितांतील लिपीला २०१८ साली. दोहोंचे नोटो फॉन्ट डेबियनच्या संग्रहातून विनामूल्य घेता येतात. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीतून बोलतो, गोंडीतून अद्याप नाही. त्याचे भाषांतर ज्या फाइलींत होते त्यांत एका ओळीत मूळ वाक्य व पुढच्या ओळीत भाषांतर एवढीच रचना असते, त्यासाठी साधा मजकूर-संपादक पुरतो. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातील गोंडी जाणणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे काम उद्या हाती घ्यावयाचे ठरविले, तर नेट नसलेल्या गावातही ते चालू ठेवता येईल.