तापात मुलाला आकडी आली तर...

मूल तापाने फणफणलेले असते. अचानक त्याचे डोळे फिरतात, हातपाय ताठ होऊन झटके देऊ लागतात, तोंडाला फेस येतो, हाक मारली तरी ओ येत नाही. घरात एकच आकांत उडतो. कोणी कांदा फोडून हुंगवतो, कोणी चप्पल नाकाला लावतो, कोणी दातखीळ सोडवायला चमचा शोधतो, कोणी अंगारा आणायला धावतो. या माणसांची माया खोटी नसते. पण यातल्या एकाही उपायाने आकडी थांबत नाही. ती बहुधा आपोआप थांबते आणि श्रेय मात्र कांद्याला मिळते!

ही तापातली आकडी. साधारण ६ महिने ते ५ वर्षे या वयात शंभरातील २ ते ५ मुलांना ती येते. लहान वयात वाढत्या मेंदूला ताप सोसत नाही, हे त्याचे कारण. आईबापांपैकी कोणाला लहानपणी आली असेल तर मुलालाही येण्याची शक्यता वाढते. नजर लागणे, बाहेरची बाधा यांचा इथे काडीचाही संबंध नाही.

मग काय करावे? मुलाला जमिनीवर कुशीवर निजवावे, म्हणजे लाळ, उलटी बाहेर पडेल आणि श्वास मोकळा राहील. गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत. स्टोव्ह, भांडी दूर सारावीत. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात बोट, चमचा, पाणी, औषध काहीही घालू नये; दात तुटतात, घास श्वासनळीत अडकतो. आणि आधी घड्याळ पाहावे. घाबरल्या जिवाला एक मिनिट दहा मिनिटांसारखे वाटते.

आकडी ५ मिनिटांत थांबली नाही, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत मिळते. पुन्हा आकडी आली, ओठ निळे पडले, शरीराची एकच बाजू हलली, मान ताठ झाली, टाळू फुगली, मूल नंतर शुद्धीवर येईना, किंवा बाळ ६ महिन्यांहून लहान असेल, तरीही थांबू नये. मेंदूज्वराची शंका तिथेच तपासली जाते. आकडी लवकर थांबली तरी पहिल्या वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावेच.

तापाचे पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितले तेवढेच द्यावे. त्याने मुलाला आराम पडतो. आकडी टळेलच असे नाही. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. बर्फाच्या पाण्याने अंग पुसू नये. लस घेतल्यावर कधी ताप येतो म्हणून लसीकरण बंद करू नये. गोवराचा ताप त्याहून घातक.

सुमारे एकतृतीयांश मुलांना पुढच्या एखाद्या तापात पुन्हा आकडी येते. पण साध्या आकडीने बुद्धी मंद होत नाही आणि बहुतेक मुलांना पुढे फेफरे जडत नाही. तरीही 'पोरीला फिट येते' हा शिक्का बसेल, लग्न जमणार नाही, या धास्तीने काही घरे गोष्ट लपवतात. लपवल्याने काय होते? आई कामावर गेली की मूल सांभाळणाऱ्या आजीला, थोरल्या बहिणीला, अंगणवाडीच्या ताईंना काहीच ठाऊक नसते. म्हणून आम्ही आग्रहाने सांगतो, त्यांना आजच सांगून ठेवा: कुशीवर निजवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ पाहा.